शिकाऊ शिक्षकाच्या चरितार्थाचा प्रश्न

वैद्यकाचा अभ्यासक्रम पुरा करून रुग्णालयात आंतरवासितेचे वर्ष काढणाऱ्या तरुणास विद्यावेतन मिळते; 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली कारखान्यात फिटरचे वा वायरमनचे काम शिकणाऱ्या मुलाच्या हातावर, तुटपुंजी का होईना, दरमहा काही रक्कम पडते; पोलीस दलात शिपाई म्हणून निवडल्या गेलेल्यास प्रशिक्षण केंद्रावर कवायत शिकत असतानाच पगार सुरू होतो. या पंक्तीत ज्याचे पान सर्वांच्या अगोदर मांडलेले असावे अशी आपली सर्वांची भाषणांतून तरी अपेक्षा असते, तो भावी शिक्षक मात्र स्वतःची शिदोरी घेऊन येतो आणि वर वाढप्यालाही पैसे देतो. बी.एड. अथवा डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार, किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत राहून काम करावे लागते. तो तास घेतो, वह्या तपासतो, गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जातो, स्नेहसंमेलनात पडदे बांधतो, आणि हे सर्व तो फी भरलेला विद्यार्थी या नात्याने करतो. त्याने या काळात खावे काय, राहावे कोठे, आणि घरी येणारा त्याच्या मजुरीचा पैसा थांबला असता घराने काय करावे, या प्रश्नांचा विचार आपल्याकडे कोणी, केव्हा व कितपत केला, त्याचा आढावा घेण्याचा येथे हेतू आहे.

हा आढावा आजऱ्यावरून घ्यावयाचा तो दोन कारणांनी. पहिले कारण आर्थिक आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आंबोलीच्या घाटमाथ्याला लागून असलेला हा डोंगराळ तालुका. पाऊस उदंड, जमीन तुकड्यातुकड्यांची, आणि हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील घनसाळ तांदळाचा सुवास कितीही लौकिकाचा असला तरी त्यावर बाराही महिने भागणारी कुटुंबे थोडी. म्हणून येथल्या कर्त्या पुरुषांनी पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या कापडगिरण्यांची वाट धरली. गिरणीतल्या नोकरीखेरीज या भागातील सामान्य कुटुंबास प्रतिष्ठेचा, कायमचा व घरापासून फार दूर न नेणारा एकच दुसरा मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे मास्तरकीचा; आणि त्या मार्गावरील पहिला टप्पा, म्हणजे ट्रेनिंगची वर्षे, ज्या पैशावर पार पडला तो पैसा पुष्कळदा लालबाग-परळच्या खोलीतून निघालेल्या मनिऑर्डरीचा होता. सरकारी दफ्तरात ज्याची नोंद नाही असे हे विद्यावेतन 1982 च्या गिरणीसंपानंतर आटत गेले, आणि त्याची जागा कशाने घ्यावी याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

दुसरे कारण असे की, स्वतंत्र भारतात शिक्षकांच्या शिक्षणाविषयी जो सर्वांत विस्तृत व सर्वांत स्पष्ट विचार झाला, त्याच्या केंद्रस्थानी असलेला पुरुष याच तालुक्यातील बहिरेवाडीचा होता. त्याच्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात सरकारी शाळा उघडू लागल्या, तेव्हा पैशाच्या टंचाईइतकीच शिक्षकांची टंचाई होती. आणि ज्या वस्तूची टंचाई असते तिच्यासाठी सरकार हात सैल सोडते, हा राज्यकारभाराचा जुना अनुभव आहे. पुण्याच्या व इतर ठिकाणच्या नॉर्मल स्कुलांत आणि ट्रेनिंग कॉलेजांत उमेदवारांना शिष्यवृत्ती देऊन आणले जाई व शिक्षण संपल्यावर ठरावीक काळ खात्यात नोकरी करण्याचा करार लिहून घेतला जाई. ही कल्पना त्या काळी इंग्लंडात रुजलेली होती: 1846 साली तेथील शिक्षण समितीने विद्यार्थी-शिक्षकांची पद्धत सुरू केली, तिच्यात तेरा वर्षांच्या होतकरू मुलास पाच वर्षे शाळेतच शिकवण्याचे काम देऊन त्याला पहिल्या वर्षी 10 पौंड व वाढत वाढत पाचव्या वर्षी 20 पौंड मिळत, त्याला शिकवणाऱ्या मुख्याध्यापकासही वेगळा मोबदला मिळे, आणि पुढे परीक्षेत उत्तम ठरलेल्यांना राणीच्या नावाची शिष्यवृत्ती देऊन ट्रेनिंग कॉलेजात पाठवले जाई. या व्यवस्थेत गरीब मुलांविषयीची करुणा फारशी नव्हती. स्वस्तात शिक्षक मिळवण्याचा हिशेब होता. परंतु हिशेबातून का होईना, शिकाऊ माणसाच्या पोटाची जबाबदारी ज्याला त्या माणसाची गरज आहे त्याने घ्यावी हे तत्त्व तेथे मान्य झाले होते, आणि सर्व पुढील इतिहास हा या तत्त्वाच्या स्वीकाराचा व विस्मरणाचा इतिहास आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ते तत्त्व अधिकच ठळकपणे दिसते. 1870 मध्ये पुण्यास स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले आणि पुढे 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने स्त्री-शिक्षिका तयार करण्याचे कार्य अंगावर घेतले, तेव्हा तेथे येणाऱ्या स्त्रियांत विधवांचा व निराधारांचा भरणा होता. ज्या स्त्रीला सासर-माहेर दोन्ही तुटले आहे तिला फी मागणे म्हणजे तिला येऊ नको असे सांगणे होय, हे त्या संस्थांच्या चालकांना समजावून सांगावे लागले नाही. निवारा, अन्न व शिष्यवृत्ती ही तेथे शिक्षणाइतकीच आवश्यक अंगे होती.

महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षकांविषयीचा भाग आजही मननीय वाटतो, कारण त्यांनी प्रश्नाचे दुसरे टोक धरले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, ते प्रशिक्षित असावेत, आणि त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा, असे त्यांचे मागणे होते. एवढेच नव्हे तर गावचे हिशेब तपासणे, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल यांसारखी कामे शिक्षकाकडे सोपवल्यास त्याचा गावातील दर्जा वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. प्रशिक्षणाच्या काळात मिळणाऱ्या साहाय्याची किंमत त्यानंतर मिळणाऱ्या वेतनावर अवलंबून असते. पुढे हलाखीच वाट पाहत असेल तर दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीने कोणीही शहाणा मुलगा भुलणार नाही, ही गोष्ट शेतीच्या व ठेकेदारीच्या व्यवहारात मुरलेल्या फुल्यांनी जितकी नेमकी ओळखली तितकी नंतरच्या अनेक समित्यांना ओळखता आली नाही.

आजरा हा त्या काळी कोल्हापूर संस्थानांतर्गत इचलकरंजीच्या घोरपडे यांच्या जहागिरीतील महाल. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि गावोगाव शाळा काढावयाच्या तर गावोगाव शिक्षक हवेत, या साध्या गणिताने संस्थानाच्या कारभारास घेरले. महाराजांच्या धोरणाचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी विद्यार्थ्याच्या साहाय्याचा विचार रोख रकमेपेक्षा छपराच्या व ताटाच्या रूपाने केला. 1901 सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढे निरनिराळ्या जातिजमातींसाठी कोल्हापुरात जी वसतिगृहे उभी राहिली, त्यांनी खेड्यातील मुलाच्या शिक्षणातील सर्वांत मोठा खर्च, शहरात राहण्याचा, उचलला. आणि त्या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे शाळांतून मास्तर म्हणून स्थिरावले. फी माफ झाली तरी खेड्यातील मुलगा शहरात राहू शकत नाही, हे आजही अनेक योजनांच्या आखणीत विसरले जाते, म्हणून येथे त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

त्याच जिल्ह्यातील कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा विचार आणखी पुढे नेला. 1935 साली त्यांनी सातारा येथे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, ते ग्रामीण शिक्षक ग्रामीण मुलांतूनच तयार व्हावेत म्हणून. आणि रयत शिक्षण संस्थेतील त्यांच्या ‘कमवा व शिका’ या रीतीने विद्यार्थ्याच्या श्रमालाच त्याचे भांडवल बनवले. या रीतीची थोरवी निर्विवाद आहे, तथापि तिच्यावरून अलीकडे जो निष्कर्ष काढला जातो, की गरीब मुलाने कष्ट करावे म्हणजे सरकारने काही देण्याचे कारण नाही, तो कर्मवीरांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. संस्थेसाठी गावोगाव धान्य गोळा करणाऱ्या आणि वसतिगृहातील मुले जगावीत म्हणून पत्नीच्या अंगावरील दागिनेही मोडू देणाऱ्या माणसाने विद्यार्थ्याला केवळ त्याच्या कष्टांवर सोडले नव्हते.

आता बहिरेवाडीकडे वळू. 5 सप्टेंबर 1907 रोजी येथे जन्मलेले विठ्ठल हरी घोटगे हे स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत जयंत पांडुरंग नाईक झाले आणि जे. पी. नाईक याच नावाने सर्व देशाला परिचित राहिले. (शिक्षकदिन आणि त्यांची जन्मतारीख एकच आहे, आजऱ्यातील शाळांनी त्या दिवशी त्यांचेही नाव घ्यावे असे सुचवावेसे वाटते.) 1952 साली शेजारच्या भुदरगड तालुक्यात गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, खेड्यातील शिक्षणाचा संपूर्ण क्रम, बालवाडीपासून शिक्षकाच्या प्रशिक्षणापर्यंत, खेड्यातच उपलब्ध व्हावा ही त्यामागील दृष्टी, आणि तिला त्यांच्या पत्नी चित्राताई नाईक यांच्या शैक्षणिक कार्याची जोड मिळाली. आजऱ्याच्या मुलामुलींना बी.एड.साठी कोल्हापूर गाठण्याऐवजी गारगोटी हा पर्याय प्राप्त झाला, यातील आर्थिक साहाय्य कोणत्याही योजनेच्या शीर्षाखाली मोडत नाही, परंतु घरापासून जवळ असलेले महाविद्यालय ही गरिबाची पहिली शिष्यवृत्ती असते.

माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या मुदलियार आयोगाने 1953 मध्येच सांगून ठेवले होते की, प्रशिक्षण महाविद्यालयांत फी घेऊ नये, विद्यार्थी-शिक्षकांना सरकारने योग्य विद्यावेतन द्यावे, आणि जे आधीच नोकरीत आहेत त्यांना प्रशिक्षणाच्या काळात पूर्वीचाच पगार चालू ठेवावा. 1964 ते 1966 या काळात दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव नाईक होते, तीच शिफारस अधिक व्यापक रूपाने केली: प्रशिक्षण संस्थांतील सर्व शिक्षणशुल्क रद्द करावे आणि विद्यावेतन व कर्ज यांची सढळ तरतूद करावी. कर्जाच्या बाबतीत त्या काळी एक विलक्षण सुंदर योजना अस्तित्वात होती, ती आज जवळजवळ कोणास आठवत नाही. 1963 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली, तिच्यात असे कलम होते की, कर्ज घेऊन शिकलेला मनुष्य शिक्षक झाला तर त्याच्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा एक-दशांश माफ व्हावा. अमेरिकेने 1958 च्या कायद्याने शिक्षकांना दर वर्षी दहा टक्के, पण एकूण निम्म्यापर्यंतच, सूट दिली होती. आपल्या योजनेत दहा वर्षे वर्गात उभा राहिलेला शिक्षक कर्जातून पूर्ण मुक्त होत असे. ज्याने मुलांना शिकवले त्याने समाजाचे देणे फेडले, हा विचार इतक्या स्वच्छ अंकगणितात फार क्वचित मांडला गेला असेल.

ज्या काळी ज्युनियर व सीनियर पी.टी.सी.चे वर्ग चालत त्या काळी या तत्त्वाचा व्यवहारही पाहावयास मिळत असे. व्हर्नाक्युलर फायनल होऊन अप्रशिक्षित शिक्षक म्हणून लागलेला तरुण काही वर्षांनी खात्यामार्फत ट्रेनिंगला पाठवला जाई, आणि ट्रेनिंगचा खर्च हा खात्याच्या हिशेबात धरलेला असे. नोकरी प्रथम व प्रशिक्षण नंतर, असा हा क्रम होता. तो पुढे उलटला. प्रशिक्षण हे नोकरीच्या दारावरील तिकीट झाले, आणि तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत हे ओघानेच आले.

हे परिवर्तन एका दिवसात झाले नाही. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात राज्याने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. त्या दारातून प्रथम अभियांत्रिकी व वैद्यक, आणि यथाकाल डी.एड. व बी.एड. आत आली. पुढच्या दोन-अडीच दशकांत डी.एड.ला ‘नंबर लागणे’ ही खेड्यापाड्यातील घराघराची महत्त्वाकांक्षा झाली. ज्याचा नंबर गुणवत्तेवर लागला नाही त्याने डोनेशन भरले, आणि त्या डोनेशनसाठी कोठे सोसायटीचे कर्ज निघाले, कोठे बैल विकले गेले, कोठे मुंबईहून गावी परतलेल्या गिरणीकामगाराची शिल्लक संपली. विवाहाच्या बाजारातही डी.एड. झालेल्या मुलाचा व मुलीचा भाव वधारला होता, यावरून त्या पदविकेकडे लोक शिक्षण म्हणून नव्हे तर गुंतवणूक म्हणून पाहत होते हे उघड आहे. मग 2012 नंतर भरती थंडावली, 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा आली, त्यावर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी व ‘पवित्र’ पोर्टल आले, आणि ती गुंतवणूक बुडाली. शेकडो अध्यापक विद्यालये ओस पडून बंद झाली. सरकारला शिक्षकांची टंचाई उरली नव्हती, आणि टंचाई नसली की हात सैल सोडण्याचे कारणही उरत नाही.

या सर्व प्रवासातील अत्यंत अर्थपूर्ण टप्पा म्हणजे 2000 साली आलेली शिक्षणसेवक योजना होय. निवड झालेल्या, पूर्ण प्रशिक्षित उमेदवाराने पहिली तीन वर्षे नियमित वेतनाऐवजी मानधनावर काम करावे, असे ठरले. मानधन प्राथमिकला 3,000, माध्यमिकला 4,000 आणि उच्च माध्यमिकला 5,000 रुपये. पुढे ते सहा, आठ व नऊ हजार झाले, आणि तेथेच वर्षानुवर्षे थबकले. 1 जानेवारी 2023 पासून ते अनुक्रमे 16,000, 18,000 व 20,000 करण्यात आले. वाढ स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु या योजनेने जे केले ते असे की, पूर्वी शिकणाऱ्याला जे विद्यावेतन मिळत असे ते काढून घेतले गेलेच होते, आता शिकून आलेल्याचे वेतनच विद्यावेतनाच्या पातळीवर आणले गेले. उमेदवारीचा काळ पुढे ढकलला गेला आणि त्याचा खर्च दोन्ही टोकांनी उमेदवाराच्या माथी बसला: अगोदर दोन वर्षे फी भरून, नंतर तीन वर्षे अपुऱ्या मानधनावर. विनाअनुदानित शाळेत लागलेल्या व ‘उद्या अनुदान येईल’ या आशेवर वर्षे काढणाऱ्या शिक्षकाची कथा तर याहूनही करुण आहे. ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आज साहाय्याचे मार्गच नाहीत असे म्हणणे असत्य होईल. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिक दृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी पूर्वी जी ई.बी.सी. सवलत म्हणून ओळखली जाई तिचे आजचे रूप राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते, आणि तिची उत्पन्नमर्यादा आता आठ लाखांपर्यंत आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाहभत्ता आहे. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काची पूर्ण माफी आहे. बँकांचे शैक्षणिक कर्जही आहे. पण या सर्व योजना बारकाईने पाहिल्या असता असे आढळते की, त्यांतील एकही शिक्षक होऊ घातलेल्या माणसाला, तो शिक्षक होऊ घातला आहे म्हणून दिलेली नाही. ती त्याच्या जातीला, त्याच्या बापाच्या उत्पन्नाला, ती मुलगी आहे या गोष्टीला दिलेली आहे. सामाजिक न्यायासाठी हे योग्यच होय. तथापि शिक्षक ही राज्याची गरज आहे, हा विचार या तरतुदींतून गळून गेला आहे. शिवाय शुल्काची प्रतिपूर्ती आणि पोटाची तरतूद या भिन्न गोष्टी आहेत. प्रतिपूर्तीचा पैसा अखेर संस्थेच्या तिजोरीत जातो, आणि तोही पुष्कळदा वर्ष उलटल्यावर. तोवर आजऱ्याहून कोल्हापुरास गेलेल्या मुलीच्या खोलीचे भाडे, खानावळ आणि पाठटाचणांच्या व शैक्षणिक साधनांच्या खरेदीचा खर्च कोणीतरी आजच्या आज भरावा लागतो. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातपडताळणी, आधारशी जोडलेले खाते, या कागदांसाठी तहसील कचेरीच्या जितक्या खेपा होतात तितक्या दिवसांची मजुरी बुडते, हाही खर्चच, पण तो कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

अन्य देशांकडे पाहावे तर दोन रीती डोळ्यांत भरतात. सिंगापुरात निवड झालेला उमेदवार शिक्षण मंत्रालयाचा नोकर म्हणूनच प्रशिक्षण घेतो. फी सरकार भरते, पगार सुरू होतो, आणि बदल्यात त्याला ठरावीक वर्षे सेवेचा करार करावा लागतो. इंग्लंडात ज्या विषयांचे शिक्षक मिळत नाहीत, जसे पदार्थविज्ञान वा गणित, त्या विषयांच्या प्रशिक्षणार्थींना भरघोस करमुक्त विद्यावेतन मिळते, आणि टंचाई बदलेल तशी त्याची रक्कम दर वर्षी खालीवर होते. पहिली रीत मला आपल्या जुन्या करारपद्धतीच्या अधिक जवळची व म्हणून अधिक आपलीशी वाटते. परंतु तिला एक अट आहे, ती म्हणजे जितक्या जागा तितकेच प्रशिक्षणार्थी घ्यावयाचे धैर्य. लाखो पदविकाधारक निर्माण करून मग त्यांच्यातून थोडे निवडणाऱ्या राज्यास ती रीत परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. कोकणकड्याजवळच्या वाड्यावस्त्यांवर गणित-विज्ञानाचे शिक्षक टिकत नाहीत, या दृष्टीने इंग्लंडच्या रीतीतही घेण्यासारखे आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि ग्रामीण भागासाठी अशा खास शिष्यवृत्त्या असाव्यात की ज्यांच्या जोडीला शिक्षण पूर्ण होताच आपल्याच भागात नोकरीस प्राधान्य मिळेल, असे त्यात नमूद आहे. आजऱ्यासारख्या तालुक्यासाठी याहून नेमके कलम लिहिणे कठीण. ते कागदावर आले त्याला वर्षे लोटली. त्याला निधीचे शीर्ष, जिल्हावार संख्या व प्राधान्याचा नियम अद्याप मिळावयाचा आहे, आणि प्राधान्याच्या प्रश्नात सर्व भरती एकाच राज्यव्यापी पोर्टलवरून होत असता ‘आपला भाग’ कोणत्या सीमेने ठरवावा, हा अवघड पेचही आहे. तो सोडवावयाचा तर सुरुवात जिल्हा परिषदेच्या रिक्त पदांच्या तालुकावार यादीपासून करावी लागेल.

त्याहून लवकर होण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तिच्याखाली बारावी झालेल्यास 6,000, पदविकाधारकास 8,000 व पदवीधरास 10,000 रुपये मासिक विद्यावेतन देऊन कार्यालयांत व आस्थापनांत काम शिकण्यास पाठवले जाऊ लागले, आणि त्यांपैकी अनेक जण जिल्हा परिषदेच्या शाळांतही गेले. शिक्षण चालू असलेल्यास या योजनेत प्रवेश नाही. परिणाम असा की, अध्यापनशास्त्राचा गंध नसलेला पदवीधर शाळेत बसून दरमहा दहा हजार घेऊ शकतो, आणि त्याच शाळेत त्याच्या शेजारच्या वर्गावर पाठ घेणारी बी.एड.ची प्रशिक्षणार्थी, जिने ते काम करण्यासाठी महाविद्यालयात फी भरलेली आहे, तिला एक पैसा मिळत नाही. पहिल्याचे विद्यावेतन काढून घ्यावे असे येथे म्हणावयाचे नाही. वीस आठवडे म्हणजे पाच महिनेही पुरे नव्हेत. त्या मुदतीपुरते, त्याच दराने, शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हजेरीपत्रकावरून आणि थेट प्रशिक्षणार्थीच्या खात्यात हे विद्यावेतन द्यावे, एवढाच नियमातील बदल पुरेसा आहे, आणि तो शालेय शिक्षण, उच्च शिक्षण व कौशल्य विकास या तीन खात्यांपैकी कोणी सुचवावा हे ठरले म्हणजे त्याची टिप्पणी एका पानात मावेल.